आवक झालेलं पत्र

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, मेंदूवरच्या संशोधनासाठी फेलोशिप शोधायची म्हणजे जीव नकोसा होतो. दिवसभर लॅपटॉपपुढे बसते आणि हाती काही लागत नाही." मग विचारलंस, "तू कधी असं काही केलं होतंस का गं?" मी "केलं होतं" एवढंच म्हणाले आणि तिकडे बर्फ पडला का ते विचारलं. फोनवर मला नीट रागावता येत नाही. म्हणून हे लिहून काढते आहे, तुझ्यासाठी आणि तुझ्या भावासाठी. त्याला मराठी वाचायचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे. त्याला तू वाचून दाखव, आणि मधले परिच्छेद गाळू नकोस.

पासष्टची लढाई झाली त्या वर्षी मी इथल्या, नर्मदेकाठच्या या हिंदी मुलखातल्या, एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. वय बावीस पूर्ण. तुम्ही ज्याला न्यूरोसायन्स म्हणता तो शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता. आमच्याकडे बेडूक होता. त्याच्या मांडीतली नस न दुखावता मोकळी करायची, तिला विजेचा हलका झटका द्यायचा, की पोटरीचा स्नायू आखडायचा आणि त्याला जोडलेली सुई काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर पांढरी रेघ ओढायची. पुन्हा पुन्हा झटके दिले की रेघ बुटकी होत जायची आणि शेवटी सपाट. मुलं वहीत लिहायची, "स्नायू थकला." मी विचारायचे, थकलं कोण? स्नायू, नस, की दोघांच्या मधलं काही? मुलं वह्या मिटायची. परीक्षेत एवढं विचारत नसत.

मला हा प्रश्न पडण्याचं कारण आमच्या घरातच होतं. माझे बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, लष्करी सामानाच्या एका कारखान्यात चार्जमन, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. कोणत्या, ते लिहीत नाही. या गावात तेव्हा कारखान्यांना तोटा नव्हता. चार्जमन होण्यापूर्वी पुष्कळ वर्षं त्यांनी हवेच्या दाबावर चालणारा हातोडा धरला होता. थंडी पडली की त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी व्हायची. शर्टाचं बटण बोटाला कळायचं नाही. आई लावून द्यायची. क्वार्टरांच्या आमच्या रांगेत असे आणखी चौघेजण होते. मला शोधायचं होतं की अशा माणसाचं नक्की काय मरतं. बोट, बोटातली नस, की मेंदूत त्या बोटासाठी असलेली जागा? अर्जात मी हेच लिहिलं होतं, कारखान्याचा उल्लेख न करता. माझे विभागप्रमुख ते वाचून म्हणाले, "यह प्रश्न आपका अपना है. इसे किसी को मत दे देना."

आता अर्ज कुठे करायचा? तुझ्यासमोर शंभर पानं उघडतात म्हणून तू वैतागतेस. माझ्यासमोर कॉलेजच्या ग्रंथालयातलं एक कपाट होतं. विलायती नियतकालिकं बोटीने यायची, तीन-चार महिने उशिरा. शेवटच्या पानांवर बारीक टाइपात शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती असायच्या. त्यांतल्या निम्म्यांची मुदत बोट समुद्रात असतानाच संपलेली. उरलेल्यांत एक डॉक्टरीची पदवी मागायची, एक फक्त पुरुषांसाठी, आणि एका फॉर्मवर उमेदवाराच्या पत्नीच्या प्रवासखर्चाचा रकाना होता. मी तिथे टोकदार पेन्सिलीने लिहिलं, "लागू नाही", आणि तोही पाठवला. मी एक वही आखली होती: संस्था, विषय, वयाची अट, शेवटची तारीख, शिफारस कोणाची, उत्तर आलं की नाही. माझं सगळं आखलेलंच असतं, तुम्ही मुलं त्यावर हसता. अकरा ठिकाणी अर्ज गेले. 'उत्तर' हा रकाना भरायचा होता.

इथे माझी चूक सांगून टाकते. पत्ता मी घरचा दिला. कॉलेजातली टपाल शिपाई ज्या टेबलावर टाकायचा तिथून ती कोणीही उचलायचं, आणि मुलीच्या जातीने आपल्या वडिलांच्या घरचा पत्ता द्यावा हे मला तेव्हा सभ्यपणाचं वाटलं. घर म्हणजे कारखान्याचं क्वार्टर. पत्त्यात क्वार्टरचा नंबर, इस्टेटचं म्हणजे कारखान्याच्या वसाहतीचं नाव, सगळं होतं.

लढाई सुरू झाली तशी इस्टेटीत खिडक्यांना खाकी कागद चिकटवले गेले. कारखान्याचा भोंगा दिवसातून जास्त वेळा वाजायला लागला. बाबा बारा-बारा तास बाहेर असायचे. बाजारात साखर मागितली तरी दुकानदार म्हणायचा, "दीदी, लड़ाई है." लढाई तीन आठवड्यांत थांबली. "लड़ाई है" मात्र पुढे कित्येक महिने चाललं.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. मी कॉलेजातून आले, हात धुतले. आई मेथी निवडत बसली होती. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. खाली मान घालूनच म्हणाली,

"तुझं पत्र आलं होतं बरं का. परवा दुपारी."

"कुठे आहे?"

"बाबांनी नेलं."

"कुठे नेलं?"

"ऑफिसात. सिक्युरिटीत दाखवायला. अशी काहून पाहून राहिली माझ्याकडे? विलायती तिकीट होतं बाई त्याला. राणीचं डोकं."

"आई, त्यात काय लिहिलं होतं?"

"मला काय माहीत! बंद होतं ना."

बाबा आले, त्यांनी बूट काढून जागेवर ठेवले, पाणी प्यायले. मी थांबले. आमच्या घरात बाहेरून आलेल्या माणसाला पाणी पिऊ दिल्याशिवाय कोणी काही विचारत नसे. मग विचारलं.

"बाबा, माझं पत्र उघडलंत तुम्ही?"

"मी दुसऱ्याचं पत्र उघडत नाही." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"दुसऱ्याचं पत्र ऑफिसात नेऊन देता मात्र."

"सर्क्युलर आहे. परदेशाहून काहीही आलं तर आधी तिथे दाखवायचं. लढाईचे दिवस आहेत."

"नोकरी तुम्ही करता, मी नाही."

"क्वार्टर कारखान्याचं आहे. पत्त्यावर इस्टेटचं नाव आहे. उद्या कोणी विचारलं तर?"

"कोणी विचारलं का?"

"कोणी विचारायच्या आधी सांगावं," ते म्हणाले, "त्यालाच सरळपणा म्हणतात."

तुमचे पणजोबा सरळ होते, यात शंका नाही. ऑफिसातली पेन्सिल चुकून खिशात राहिली तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा माणूस. अख्खी इस्टेट त्यांची साक्ष देत असे. लहानपणी मला त्या सरळपणाचा गर्व होता. तो माझ्या डोक्यावर येऊन आदळेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मी स्वतः गेले. सिक्युरिटी ऑफिसची एक खिडकी फाटकाच्या बाहेरच्या बाजूला होती, पास बनवणाऱ्यांसाठी. आत बडे बाबू बसले होते, अर्धा स्वेटर घातलेले, बाबांच्याच वयाचे. मी नाव सांगितल्यावर त्यांनी लगेच ओळखलं.

"अरे बिटिया, वो चिट्ठी? वो तो लाने की ज़रूरत ही नहीं थी. हमने तुम्हारे पिताजी से कहा भी था. सर्क्युलर कर्मचारियों के लिए है, घरवालों के लिए नहीं. पर वो माने नहीं. बहुत सीधे आदमी हैं."

"तो लौटा दीजिए."

"अब कैसे लौटा दें? आवक में चढ़ गई है. नंबर पड़ गया."

"नंबर काट दीजिए."

ते हसले. मी जणू फाटकावरची बंदूक उचलून द्या म्हटलं होतं. "नंबर कटता नहीं, बिटिया. साहब देखेंगे, दस्तख़त करेंगे, तब जावक होगी."

"साहब कब देखेंगे?"

"लड़ाई है," बडे बाबू म्हणाले.

भिंतीवर ते सर्क्युलर डकवलेलं होतं, इंग्रजीत. मी खिडकीत डोकं घालून ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. प्रत्येक वाक्यात 'कर्मचारी' होता. कर्मचाऱ्याची मुलगी कुठेच नव्हती. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हो. पण आता नंबर पडला आहे ना." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. बडे बाबूंनी नको म्हटल्यावरसुद्धा त्यांनी पत्र पुढे सरकवलं होतं. जरुरीपेक्षा जास्त सरळ वागलं की आपण जास्त सुरक्षित, असं त्यांची पिढी कुठे शिकली होती कोण जाणे. साहेबाने मागितलं नाही तेही साहेबापुढे ठेवायचं. मात्र जे ठेवलं ते त्यांचं नव्हतंच. माझं होतं.

तू विचारशील, त्या संस्थेला पत्र लिहून दुसरी प्रत का मागवली नाहीस? कोणत्या संस्थेला? पत्र कोणाचं आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. आईला फक्त राणीचं डोकं आठवत होतं. राणीचं तिकीट लावणाऱ्या तीन ठिकाणी माझे अर्ज होते. मी तिघांना हवाई पत्रं पाठवली, "आपण मला काही कळवलं असल्यास कृपया पुन्हा कळवावं." अशी पत्रं लिहिताना किती लाज वाटते ते तुम्हाला सांगून कळणार नाही. माझ्या घरी पत्र पोचलं आहे, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर ते एका कपाटात आहे, आणि मी सात समुद्रांपलीकडे विचारते आहे की त्यात काय आहे. खिडकीवर मी आणखी पाच वेळा गेले. पाचव्या वेळी बडे बाबूंनी मला चहा पाजला. चहाचाही मला राग आला.

पत्र परत आलं तेव्हा रजया बाहेर निघाल्या होत्या. बाबांनी ते स्वतः आणून माझ्या हातात दिलं. पाकीट कात्रीने नीट कापलेलं, आणि पत्राच्या डोक्यावर, संस्थेच्या चिन्हाला लागून, जांभळा शिक्का: हरकत नाही.

विषय मज्जासंस्था, मुदत दोन वर्षं. माझी निवड मुलाखतीसाठी झाली होती. माझा प्रश्न समितीला आवडला असं वेगळं वाक्य होतं. सोबतचा फॉर्म भरून अमुक तारखेपर्यंत पाठवायचा आणि दिल्लीला मुलाखतीला जायचं. फॉर्मची तारीख उलटून गेली होती. मुलाखतही होऊन गेली होती, नऊ दिवसांपूर्वी. कोणाचीच हरकत नव्हती. तेवढं ठरवायला त्यांना एवढे दिवस लागले.

"आलं ना परत?" बाबा म्हणाले. "मी म्हटलं होतं, हरवणार नाही."

मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. आई दोघांच्या मधून निरोप न्यायची. "बाबा विचारून राहिले, भात घेते का." "सांग, घेतला." तीन माणसं एका खोलीत. नवव्या दिवशी आई शेजारणीला म्हणाली ते मी ऐकलं. ती ग्वारीघाटला जाऊन दिवा सोडून आली होती, पोरगी दूर जाऊ नये म्हणून, आणि नर्मदामाईने ऐकलं. मी बाहेर येऊन दोघींसमोर म्हटलं, "नर्मदामाईने काही केलं नाही. जे केलं ते बाबांनी आणि बडे बाबूंनी केलं. तू तिला नारळ देऊ नको, त्यांना दे." शेजारीण उठून गेली. आईने तोंडाला पदर लावला. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

माझ्या हवाई पत्राला संस्थेचं उत्तर उशिरा, कॉलेजच्या पत्त्यावर आलं, की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. विभागप्रमुख म्हणाले, जरूर करा, पत्ता माझ्या घरचा द्या. या वेळच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: गेल्या वर्षी निवड होऊनही उमेदवार हजर का राहिला नाही, त्याचं कारण. मी खरं ते लिहायला बसले. बाबा मागे येऊन उभे राहिले. ते कधी माझ्या कागदात डोकावत नसत.

"सिक्युरिटीचं नाव त्यात येता कामा नये."

"मग काय लिहू?"

"आजारी होते, असं लिही."

मी पेन खाली ठेवलं. "बाबा, तुम्ही मला खोटं लिहायला सांगता आहात."

"खोटं कसलं? आजारी कोण पडत नाही?"

"मी पडले नव्हते."

"इस्टेटीत राहणारी मुलगी परदेशात लिहून कळवते की इथे पत्रं अडवतात, उघडतात. उद्या तो कागद कुठे फिरेल? माझी नोकरी आहे, बाई. क्वार्टर आहे."

मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं. पेन्सिल परत नेणारा माणूस. तो सरळपणा फक्त वरच्या दिशेने चालत होता, साहेबाकडे. खाली माझ्याकडे उतरायची वेळ आली तेव्हा तो आजारपणाचा दाखला होऊन उतरला. तेव्हा मी उठून जायला हवं होतं. मी लिहिलं, "दीर्घ आजारामुळे." माझा हात कोणी धरला नव्हता. अक्षर माझं, सही माझी. म्हणून यातला काही राग माझ्या स्वतःवरही आहे, आणि तो सगळ्यांत जुना आहे.

उत्तर विभागप्रमुखांच्या घरी आलं. त्यांनी ते मला वर्गाबाहेर बोलावून दिलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. समितीला माझ्या आजाराबद्दल खेद होता. दोन वर्षांचा अभ्यासक्रम कष्टाचा, हवामान कडक. ज्या उमेदवाराची प्रकृती अलीकडेच दीर्घकाळ बिघडली होती तिची शिफारस समिती करू शकत नव्हती. मी लवकर पूर्ण बरं व्हावं अशी सदिच्छा होती.

मला आयुष्यात कावीळसुद्धा झालेली नाही.

त्या दुपारी प्रॅक्टिकल आटोपल्यावर मी विभागाचा टाइपरायटर ओढून घेतला आणि सगळं खरं लिहिलं. पत्र आलं, कोणी नेलं, कुठे राहिलं, कोणता शिक्का लागला, आणि 'आजार' हा शब्द कोणी सुचवला व कोणी लिहिला. सदर बाजारातल्या पोस्टात जाऊन, तिकीट स्वतः चिकटवून, ते पेटीत टाकलं. संध्याकाळी बाबांना समोर बसवलं आणि कार्बनची प्रत मराठीत करून ओळीओळीने वाचून दाखवली. आई मध्येच म्हणाली, "पुरे ना आता." मी थांबले नाही.

वाचून झाल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "टाकलंस?"

"टाकलं."

"मला हे सांगितलं आहेस म्हणजे मला रिपोर्ट करावं लागेल."

"करा. नंबर पडू द्या."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी निघाले. मी दिवसभर वाट बघितली, त्यांना बोलावतील, मला बोलावतील. त्याच्या पुढच्या दिवशीही बघितली. कोणी बोलावलं नाही. महिन्याभराने वाटेत बडे बाबू भेटले. हसून म्हणाले, "बिटिया, अब तो कोई चिट्ठी नहीं आती?" तेव्हा मला कळलं की बाबांनी खिडकीशी तोंड उघडलंच नव्हतं. उभ्या नोकरीत कळवायची गोष्ट न कळवण्याची ती त्यांची एकच वेळ.

परदेशातून उत्तर आलं ते जाड कागदावर दोन ओळींचं होतं. समिती आपले निर्णय पुन्हा उघडत नाही. त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या अटींत वय बसेना, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. बोटाचा तो प्रश्न पुढे कोणीतरी सोडवला असेल. मी शोधायला गेले नाही.

आई शेवटपर्यंत मला सांगायची, "त्यांनी रिपोर्ट नाही केला ना, तीच त्यांची माफी समज. पुरुषमाणूस आणखी कशी मागणार?" तुमच्या आजोबांनाही ते पटलं होतं. मला ती माफी वाटत नाही. गप्प बसता येतं, आकाश कोसळत नाही, नोकरी जात नाही, क्वार्टर जात नाही, हे ज्याला ठाऊक होतं, त्याला ते एक वर्ष आधीही करता आलं असतं. त्या दिवशी राणीचं डोकं असलेलं पाकीट हातात घेऊन त्यांनी काहीच करायचं नव्हतं. ते टेबलावर ठेवून पाणी प्यायचं होतं.